किनाऱ्यावरच्या वस्तीसाठी आपत्ती-निधी: उभा कसा करायचा आणि न्यायाने कसा वापरायचा

२००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवलं. घरं पुन्हा उभी करण्यासाठी लुइझियाना राज्याने ‘रोड होम’ नावाची योजना आणली. नियम साधा दिसत होता. घराची वादळापूर्वीची बाजारातली किंमत आणि ते पुन्हा बांधायचा खर्च, या दोन्हींत जी रक्कम कमी, ती धरून मदत द्यायची. आता लाकूड, पत्रा आणि सुताराची मजुरी शहरभर जवळपास सारखीच. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये घरांच्या किमती पिढ्यान्‌पिढ्यांच्या भेदभावामुळे खालीच राहिलेल्या. त्यामुळे तेवढंच घर, तेवढंच नुकसान, आणि हातात पडलेली रक्कम मात्र कमी. २००८ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये सुमारे ६.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मधली सहा वर्षं लोकांनी कशी काढली असतील, याचा हिशोब कुठल्याच तडजोडीत बसत नाही.

हा अन्याय छापील नियमात होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणून या लेखात पैसा कुठून आणायचा याइतकाच भर तो कोणत्या मापाने मोजायचा, कोणाच्या खात्यात जायचा आणि कधी पोचायचा यावर आहे. या तीन गोष्टी निधी मंजूर होण्याआधी ठरतात. नंतर आरडाओरडा करून फार थोडं बदलतं.

वस्तीची समिती, मच्छीमारांची संस्था, महिला बचत गट, स्थानिक स्वराज्य संस्थेतले सदस्य आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. पायऱ्या क्रमाने घेतल्या तर उत्तम. पण पहिल्या दोन गाळून पुढे जाऊ नका.

पायरी १: कागदावर नसलेली माणसं आधी मोजा

आपत्तीनंतरची बहुतेक मदत मालकीच्या कागदावर चालते. घर कोणाच्या नावावर, होडी कोणाच्या नावावर, परवाना कोणाचा. या चाळणीतून कोण गळतं ते पाहा: भाडेकरू, दुसऱ्याच्या होडीवर जाणारे खलाशी, मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायका, जाळी विणणारे, हंगामापुरते आलेले मजूर, आणि ज्यांची घरं सरकारी जमिनीवर आहेत ती कुटुंबं. किनाऱ्याची रोजची अर्थव्यवस्था ज्यांच्या श्रमावर उभी आहे, नेमके तेच पंचनाम्यात नसतात.

म्हणून घरोघर जाऊन यादी करा, आणि ती वस्तीतल्याच लोकांनी करावी. यादीत इतकं तरी हवं:

- घरात किती माणसं, त्यांची वयं, कोण आजारी, कोणाला चालता, ऐकता किंवा पाहता येत नाही, कोण गरोदर
- कमाईचं साधन आणि ते कोणाच्या मालकीचं
- घर स्वतःचं की भाड्याचं, आणि जागेचा कागद आहे की नाही
- बँक खातं घरातल्या कोणत्या बाईच्या नावावर आहे का
- डोक्यावर कर्ज किती आणि कोणाचं: बँकेचं, सावकाराचं की मासळीच्या व्यापाऱ्याचं
- वादळाची सूचना घरात कशी पोचते आणि सगळ्यात आधी कोणाला कळते

शेवटचा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो. पण १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, तेव्हा २० ते ४४ वयोगटात दर हजारी १५ पुरुष मृत्युमुखी पडले आणि ७१ स्त्रिया. सूचना पुरुषांपर्यंत, बाजारापर्यंत पोचत होती. घरात मुलं-म्हाताऱ्यांसोबत असलेल्या बाईने घर सोडायचं की नाही, हे ठरवायला घरात कोणी नव्हतं. सार्वजनिक निवाऱ्यात अनोळखी पुरुषांमध्ये राहण्याचा संकोच होता तो वेगळाच. निवाऱ्यावर खर्च करताना बायकांसाठी वेगळी जागा, वेगळी शौचालयं आणि उजेड ही मूळ अंदाजपत्रकातलीच कलमं समजा.

यादीसोबत नकाशा काढा. महागडं काही लागत नाही. मागच्या उधाणात, मागच्या वादळात पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून भिंतींवर, खांबांवर खुणा करा आणि त्या खुणा एका मोठ्या कागदावर उतरवा. ज्या घरात पाणी आधी शिरतं आणि शेवटी ओसरतं, ती घरं बहुधा त्याच लोकांची निघतात ज्यांची नावं सरकारी यादीत नाहीत.

इथे एक धोका आहे. बिनकागदाच्या घरांची नावानिशी यादी चुकीच्या हातात पडली तर ती हुसकावून लावायला वापरली जाऊ शकते. म्हणून नावांची मूळ वही वस्तीच्या समितीकडेच ठेवा. बाहेर द्यायचे ते फक्त एकत्रित आकडे: इतकी घरं, इतकी माणसं, इतके भाडेकरू.

पायरी २: नुकसानीचं माप बदला

मला विचाराल तर या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इथलं गणित चुकलं तर पुढचा प्रत्येक रुपया, प्रत्येक डॉलर उताराच्या दिशेने, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याकडे वाहतो.

निधी देणाऱ्या यंत्रणा एका कामाचा खर्च आणि त्यामुळे टळणारं नुकसान यांची तुलना करतात. टळणारं नुकसान मोजतात ते मालमत्तेच्या किमतीत. एक साधं उदाहरण घ्या. एका कुटुंबाची एकूण मालमत्ता १०० आहे आणि वादळात १० चं नुकसान होतं. दुसऱ्याची मालमत्ता १२ आहे आणि त्यातली ६ जाते. किमतीच्या हिशोबाने पहिलं नुकसान मोठं, म्हणून संरक्षक भिंत पहिल्याच्या बाजूला बांधणं ‘फायद्याचं’ ठरतं. प्रत्यक्षात पहिलं कुटुंब एका वर्षात सावरेल. दुसऱ्याचं अर्धं आयुष्य गेलं, आणि कदाचित मुलांची शाळाही सुटली.

जागतिक बँकेच्या २०१६ च्या एका अभ्यासाने हीच गोष्ट जगाच्या पातळीवर मोजली. नैसर्गिक आपत्तींमुळे लोकांच्या उपभोगाचं होणारं वार्षिक नुकसान त्यांनी ५२० अब्ज डॉलर काढलं. नुसती मालमत्ता मोजली असती तर आकडा याहून कितीतरी कमी आला असता. दरवर्षी सुमारे २.६ कोटी माणसं आपत्तींमुळे गरिबीत ढकलली जातात, असंही त्यात आढळलं. तुमच्या प्रस्तावात हा युक्तिवाद वापरा, कारण निधी देणाऱ्यांना तो ओळखीचा आहे.

प्रत्यक्षात करायचं काय? नुकसानीच्या तक्त्यात तीन जादा रकाने आखा. पहिल्यात नुकसान कुटुंबाच्या एकूण मालमत्तेच्या किती टक्के झालं ते लिहा. दुसऱ्यात कमाईचे किती दिवस बुडाले ते. मासळी सुकवणारीचं नुकसान वस्तूंत फारसं दिसत नाही, पण तिचे साठ दिवस गेलेले असतात. तिसऱ्यात त्या नुकसानीपायी नवं कर्ज किती झालं ते. हे तीन रकाने भरले की कामांचा अग्रक्रम बऱ्याचदा उलटापालटा होतो, आणि का झाला हे आकड्यांत दाखवता येतं.

आणखी एक बारीक, पण निर्णायक गोष्ट म्हणजे ‘डिस्काउंट रेट’, भविष्यातल्या फायद्याची आजची किंमत काढायचा दर. पन्नास वर्षांनी मिळणारा १०० चा फायदा ७ टक्के दराने आज जेमतेम ३.४ ठरतो, ३ टक्के दराने तोच सुमारे २३ होतो. खारफुटी, वाळूच्या टेकड्या, उंच केलेले रस्ते यांचा फायदा नातवंडांपर्यंत पोचतो. दर चढा धरला की ही कामं कागदावरच मरतात. अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने वर्षानुवर्षं ७ टक्के दर वापरला आणि २०२४ मध्ये तो ३ टक्क्यांच्या आसपास आणला. म्हणजे हा दर दगडावरची रेघ नाही. कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात तो किती धरला आहे, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. विचारा.

पायरी ३: कामांची यादी, आणि तिच्यात देखभालीचा रकाना

लोक पहिल्यांदा भिंत मागतात. साहजिक आहे, भिंत दिसते. पण खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त जीव वाचवते ती पूर्वसूचना. २४ तास आधी मिळालेल्या सूचनेने वादळाचं नुकसान सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकतं, असं जागतिक अनुकूलन आयोगाने (अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं) २०१९ मध्ये मांडलं. बांगलादेशाचा अनुभव तर बोलका आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात ३ ते ५ लाख माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या स्त्रिया. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा वीस लाखांहून अधिक लोकांना हलवलं गेलं, आणि देशातला मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. निवारे, बांध, हवामान खात्याचं काम या सगळ्याचा त्यात वाटा आहेच. पण निरोप दारापर्यंत नेणारं माणूस ओळखीचं होतं, हेही तितकंच खरं.

सूचनेची भाषा कळणंही खर्चाचाच भाग आहे. २०१३ मध्ये हैयान वादळाआधी फिलिपिन्समध्ये ‘स्टॉर्म सर्ज’चा इशारा दिला गेला होता. तो शब्द म्हणजे समुद्राची भिंत आत येणार, हे असंख्य लोकांना उमगलंच नाही. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. तुमच्या वस्तीत उधाणाला जे म्हणतात तोच शब्द भोंग्यावर, फलकावर, मोबाइलच्या निरोपात हवा.

मग येतात निसर्गाचे बांध. निरोगी प्रवाळभित्ती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषते. खारफुटीचा १०० मीटर रुंद पट्टा लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो. व्हिएतनाममध्ये रेड क्रॉसने लावलेल्या खारफुटीवर ११ लाख डॉलर खर्च झाला आणि मागच्या मातीच्या बांधांच्या देखभालीत वर्षाला ७३ लाख डॉलर वाचल्याची नोंद आहे.

पण रोपं लावणं म्हणजे खारफुटी नव्हे. त्सुनामीनंतर श्रीलंकेत लावलेल्या खारफुटीची पाहणी झाली तेव्हा २३ पैकी ९ ठिकाणी एकही रोप जगलेलं नव्हतं. हजार-बाराशे हेक्टरांपैकी साधारण पाचवा भागच तगला होता. चुकीची जात, चुकीची पातळी, नंतर कोणाचं लक्ष नाही. याचं मूळ पैशाच्या रचनेत असतं. निधी रोपांच्या संख्येवर दिला की रोपंच लावली जातात. म्हणून करारात हप्ते असे पाडा: थोडा लागवडीनंतर, मोठा वाटा एका वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या जगण्यावर, आणि मधल्या काळात राखण करणाऱ्यांना दरमहा मोबदला. ही राखण बहुतेक ठिकाणी बायका फुकट करतात. तिला पैसे ठेवा.

भिंत बांधायचीच असेल तर तिच्या टोकाशी काय होईल ते आधी विचारा. भिंत जिथे संपते तिथे किनाऱ्याची झीज वाढते, आणि तिथे बहुधा शेजारची, कमी आवाजाची वस्ती असते. तिची संमती आणि तिच्यासाठीची तरतूद प्रस्तावात लिहिलेली असावी.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: बांधायचा खर्च, दरवर्षीच्या देखभालीचा खर्च, आणि तो कोण देणार. तिसऱ्या रकान्यात नाव नसेल तर ते काम यादीत ठेवू नका. कुलूप हरवलेले निवारे आणि बॅटरी गेलेले भोंगे याच एका रिकाम्या रकान्यातून जन्मतात. निवारा रोज शाळा म्हणून वापरात असेल तर त्याची डागडुजी आपोआप होत राहते. बांगलादेशातले कितीतरी निवारे म्हणूनच शाळा आहेत.

पायरी ४: पैशाचे थर लावा

एकाच पिशवीतून सगळ्या आपत्तींचा खर्च भागत नाही. दर एक-दोन वर्षांनी घरात शिरणारं उधाणाचं पाणी, दहा वर्षांतून एकदा येणारं मोठं वादळ आणि पिढीतून एकदा होणारा विध्वंस, या तिघांसाठी तीन वेगळे पैसे लागतात. लहान आणि वारंवार येणाऱ्यासाठी साठवलेली बचत. मधल्यासाठी स्थानिक राखीव निधी किंवा आधीच मंजूर करून ठेवलेलं कर्ज. फार मोठ्यासाठी विमा आणि बाहेरची मदत. दर वर्षीच्या पुरासाठी विमा घेणं म्हणजे विमा कंपनीमार्फत स्वतःचेच पैसे महाग करून परत घेणं. आणि शतकातल्या वादळासाठी बचत गटावर विसंबणं ही गरिबांवर टाकलेली अशक्य जबाबदारी आहे.

*वस्तीची बचत.* महिन्याची लहान रक्कम, वेगळं खातं, तीन जणांच्या सह्या आणि त्यांत किमान दोन बायका. हा निधी वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी आहे: औषध, इंधन, ताडपत्री, जाळी दुरुस्ती. त्याचा खरा उपयोग असा की माणूस त्या आठवड्यात सावकाराच्या दारात जात नाही. त्यातून बांध बांधायची अपेक्षा कोणी करू नये, आणि कोणी निधीदार ‘लोकवर्गणी किती?’ म्हणून अडून बसला तर श्रमदान आणि यादी-नकाशाचं काम पैशांत मांडून दाखवा.

*सरकारी अंदाजपत्रक.* याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि आंतरराष्ट्रीय निधीच्या मागे धावतात. खरं तर सगळ्यात टिकाऊ पैसा इथेच असतो. फिलिपिन्सच्या २०१० च्या कायद्याने स्थानिक शासनांना नियमित उत्पन्नाचा किमान ५ टक्के भाग आपत्ती निधीला बाजूला काढणं बंधनकारक केलं. त्यातला ३० टक्के तातडीच्या मदतीसाठी, उरलेला ७० टक्के पूर्वतयारीसाठी. केनियात काही काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसारख्या स्थानिक शासनांनी, हवामान निधीचा मोठा वाटा थेट वॉर्ड पातळीवरच्या, लोकांनी निवडलेल्या समित्यांच्या निर्णयावर सोडला. तुमच्याकडे असा नियम असेल तर त्यातला किती पैसा खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात मागा. नसेल तर ही दोन उदाहरणं मागणीपत्राला जोडा.

*अनुदान.* जागतिक पातळीवर मुख्य दरवाजे मोजकेच आहेत. ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी या आंतरराष्ट्रीय पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून वस्ती-पातळीच्या संस्थांना थेट, साधारण ५० हजार डॉलरपर्यंतचं अनुदान देत आला आहे. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. अॅडॉप्टेशन फंड आणि ग्रीन क्लायमेट फंड मोठे आहेत, पण त्यांच्याकडे थेट जाता येत नाही, मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जावं लागतं. तुमच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी या निधींच्या संकेतस्थळांवर असते. तिच्याशी बोलताना पहिला प्रश्न हा ठेवा: मंजूर रकमेतला किती टक्के भाग आमच्या वस्तीत, आमच्या निर्णयाने खर्च होईल? २००३ ते २०१६ दरम्यान आंतरराष्ट्रीय हवामान निधींतला १० टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक पातळीसाठी राखला गेला, असा एक अंदाज आहे. म्हणून टक्केवारी लेखी मागायला संकोच नको. हवामान बदलामुळे झालेल्या हानीसाठीचा निधी २०२२ च्या शर्म अल-शेख हवामान परिषदेत मान्य झाला आणि २०२३ मध्ये दुबईत त्याची चौकट ठरली. वस्त्यांना त्यातून लहान अनुदानं थेट मिळावीत म्हणून संघटना आग्रह धरत आहेत. त्यांना आपला आवाज जोडा.

*कर्ज.* माझं मत स्पष्ट आहे. ज्या कामातून पैसा परत येणार त्यालाच कर्ज घ्यावं: बर्फाचा कारखाना, मासळी साठवण, मजबूत होडी. निवारा, भोंगा, बांध यांतून उत्पन्न येत नाही. त्यांच्यासाठी कर्ज म्हणजे समुद्राच्या वाढत्या पातळीचं बिल, ती वाढवण्यात ज्यांचा हात नगण्य त्यांच्याच नावावर फाडणं. कर्ज घ्यावंच लागलं तर आपत्ती-कलम मागा. ग्रेनेडाचं उदाहरण बघा. २००४ च्या आयव्हन वादळात या लहानशा देशाचं नुकसान त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट होतं. पुढे कर्जांची फेररचना करताना त्यांनी वादळ-कलम घालून घेतलं, आणि २०२४ मध्ये बेरिल आल्यावर त्याच कलमाच्या आधारे हप्ते पुढे ढकलले. देशाला जे मागता येतं ते मच्छीमार संस्थेलाही बँकेकडे मागता येतं: अमुक ताकदीचं वादळ आलं तर सहा महिने हप्ता नाही, दंडव्याज नाही.

*विमा.* किनाऱ्यांसाठी सध्या बोलबाला आहे तो पॅरामेट्रिक विम्याचा. यात पंचनामा नसतो. वाऱ्याचा वेग, पावसाचे मिलिमीटर असा एक आकडा आधी ठरतो, तो ओलांडला की पैसे मिळतात. वेग हा याचा खरा गुण. कॅरिबियन देशांची २००७ मध्ये सुरू झालेली सामायिक विमा व्यवस्था साधारण १४ दिवसांत पैसे देते, आणि बेरिलनंतर ग्रेनेडाला तिच्याकडून सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले. मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात तर प्रवाळभित्तीचाच विमा उतरवला गेला. २०२० मध्ये डेल्टा वादळ आल्यावर मिळालेल्या सुमारे ८ लाख डॉलरमधून प्रशिक्षित स्थानिक पथकांनी तुटलेलं प्रवाळ पुन्हा बसवलं.

दोष तितकाच मोठा आहे. आकडा ओलांडला नाही तर घर गेलं तरी पैसे नाहीत. २०१६ मध्ये मलावीत भीषण दुष्काळ पडला, पण विम्याच्या प्रारूपात पिकाचा प्रकार चुकीचा धरलेला होता. त्यामुळे नुकसान दिसलंच नाही. दुरुस्ती होऊन पैसे येईपर्यंत उपासमारीचे महिने उलटून चालले होते. दुसरी गोष्ट, देशाने घेतलेल्या विम्याचे पैसे तिजोरीत जातात. तिथून ते होडीवाल्यापर्यंत कसे येणार, हे आधी लिहिलेलं नसेल तर येत नाहीत.

सही करण्याआधी एवढं विचारा: मागच्या वीस वर्षांतल्या कोणकोणत्या वादळांत हा विमा लागू झाला असता, आणि कोणत्या वाईट वर्षी झाला नसता? मोजणारं यंत्र आमच्यापासून किती लांब आहे? हप्ता कोण भरणार, आणि तीन वर्षांनी अनुदान थांबल्यावर कोण? पैसे होडीमालकाला मिळणार की खलाशालाही?

*निसर्गातून उत्पन्न.* केनियाच्या गाझी खाडीत ‘मिकोको पामोजा’ हा प्रकल्प ११७ हेक्टर खारफुटी राखून २०१३ पासून कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, विकतो. पैसा पाणी, शाळा अशा कामांवर खर्च होतो आणि कशावर खर्च करायचा ते लोक ठरवतात. चांगला मार्ग आहे, पण रक्कम मर्यादित, कागदपत्रं भरपूर. खारफुटीवर हक्क कोणाचा हे कायद्याने स्पष्ट नसेल तर आधी त्याचा निकाल लावा. नाहीतर क्रेडिट कोणी तिसराच विकेल आणि तुम्हाला खाडीत जायची बंदी होईल.

पायरी ५: पैसा कधी सुटणार ते शांततेच्या काळात ठरवा

वादळ आल्यावर बैठका घेऊन पैसे वाटले की ज्याची ओळख त्याला आधी मिळतात. त्याऐवजी खूणगाठ आधीच बांधा: हवामान खात्याने अमुक पातळीचा इशारा दिला की त्याच दिवशी अमुक यादीतल्या घरांना अमुक रक्कम. पहिल्या पायरीतली यादी इथे कामाला येते. २०२० च्या जुलैत बांगलादेशात नद्यांच्या पुराचा अंदाज येताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीने पूर शिगेला पोचण्यापूर्वी ५२ लाख डॉलर मोकळे केले. हाती रोख असलेल्या घरांनी जनावरं हलवली, धान्य भरलं. किनाऱ्यावर याच पैशात होड्या वर ओढून बांधता येतात, जाळी उंचावर नेता येतात, म्हाताऱ्यांसाठी गाडी करता येते.

वादळानंतर नवी यंत्रणा उभी करण्यापेक्षा चालू योजनेवरच जास्तीची रक्कम टाकणं जलद पडतं. फिजीने २०१६ मध्ये विन्स्टन वादळानंतर सामाजिक साहाय्य घेणाऱ्या गरिबांना तीन महिन्यांची रक्कम एकदम दिली. ज्यांची नावं त्या योजनेत नाहीत, त्यांच्यासाठी तुमची वस्तीची वही पूरक यादी म्हणून मान्य करून घ्या, आणि हे मान्य झाल्याचं पत्र आजच घ्या.

पायरी ६: खातं, सही, फळा

निधी कितीही स्वच्छ असो, तो कोणत्या खात्यातून जातो यावर सत्ता ठरते. जिथे कायदा परवानगी देतो तिथे लहान कामांचं कंत्राट वस्तीच्या समितीलाच मिळावं अशी अट घाला. पायवाट उंच करणं, गटार, निवाऱ्याची डागडुजी ही कामं स्थानिक गवंडी आणि मजूर करू शकतात, आणि आपत्तीनंतर मजुरी गावातच राहते. कुटुंबाची मदत नवरा-बायकोच्या जोडखात्यात किंवा बाईच्या खात्यात जावी. ठेकेदार, रक्कम, काम, तारीख हे चार रकाने रंगवलेला फळा निवाऱ्याच्या दारात लावा. तक्रार ऐकणारी माणसं पैसे वाटणारी नसावीत, आणि उत्तराची मुदत पंधरा दिवसांहून जास्त नको.

निधीदाराकडून कार्यालयाचा खर्चही मागा. हिशोब लिहिणाऱ्या मुलीचा पगार, प्रवास, लेखापरीक्षण हे सगळं ‘सेवाभावाने’ होईल असं धरणारा प्रस्ताव दुसऱ्या वर्षी कोसळतो. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनाच्या आठ तत्त्वांवर अनेक सरकारांनी आणि मोठ्या निधी-संस्थांनी संमती दिली आहे. निर्णय खालच्या पातळीवर नेणं आणि दीर्घ मुदतीचा, भरवशाचा पैसा देणं ही त्यांतलीच तत्त्वं आहेत. समोरच्या संस्थेने त्यावर सही केली आहे का ते पाहा आणि बैठकीत ती सही समोर ठेवा.

पायरी ७: हलायची वेळ आली तर

काही वस्त्या समुद्र घेणारच आहे. फिजीतलं वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये आत हललं. अमेरिकेत आयल द जाँ शार्ल या बेटावरच्या लोकांच्या स्थलांतरासाठी २०१६ मध्ये ४.८३ कोटी डॉलर मंजूर झाले, आणि नवी घरं मिळायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. स्थलांतर म्हणजे फक्त घरबांधणीचा खर्च नव्हे. होड्या लावायची जागा, समुद्रापर्यंतचा रस्ता, मधल्या काळातली बुडालेली कमाई, देवस्थान आणि स्मशान हे सगळं अंदाजपत्रकात येतं.

‘सुरक्षिततेसाठी’ किनारा मोकळा करायला सांगितलं जातं तेव्हा नियम सगळ्यांना सारखा आहे ना, हे पाहा. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर १०० मीटर आणि उत्तर-पूर्वेला २०० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद केला गेला. मच्छीमारांना तिथे घर बांधता येईना, पर्यटनाच्या इमारतींना मात्र सवलत. पुढे विरोधामुळे पट्टा कमी करावा लागला. म्हणून करारात हे वाक्य असलंच पाहिजे: सोडलेली जमीन व्यापारी बांधकामासाठी कोणालाही दिली जाणार नाही, आणि तिच्यावरचे मासेमारीचे परंपरागत हक्क वस्तीकडेच राहतील. नव्या घराचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावे. भाडेकरूंनाही घर. आणि ज्यांना जायचं नाही त्यांची पूर्वसूचना, वीज, पाणी तोडायचं नाही.

सुरुवातीचे तीस दिवस

पहिल्या आठवड्यात समिती करा, निम्म्या बायका, किमान एक भाडेकरू, एक खलाशी, एक अपंग व्यक्ती. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यादी आणि पाण्याच्या खुणा. चौथ्या आठवड्यात स्थानिक शासनाकडे तीन प्रश्नांचं पत्र द्या आणि पोच घ्या: आपत्ती निधीत यंदा किती रक्कम आहे, त्यातली पूर्वतयारीवर किती खर्च झाली, आणि इशारा आल्यावर आमच्या वस्तीसाठी पैसे कोणाच्या सहीने सुटतात. त्या सहीच्या माणसाचं पद, आणि तो रजेवर असेल तर त्याच्या जागी सही कोण करणार, हे यादीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.